पाटी बदलली, पण दार?

विद्यापीठ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ऑक्सफर्ड किंवा केंब्रिज उभे राहते. दगडी कमानी, काळे झगे आणि शतकांची परंपरा! पण इंग्लंडच्या उत्तरेला, यॉर्कशायरमधल्या लोकरीच्या गिरण्यांच्या गावी, एक वेगळ्या कुळीचे विद्यापीठ आहे. हडर्सफील्ड हे त्याचे नाव. विद्यापीठ म्हणून त्याचा जन्म १९९२ चा. त्याची कुळकथा मात्र कितीतरी जुनी.

१८४१ साली फ्रेडरिक श्वान नावाच्या व्यापाऱ्याकडे काम करणाऱ्या काही तरुणांनी आपली बौद्धिक उन्नती साधण्यासाठी एक मंडळ काढले. दिवसा पोटापाण्याचा उद्योग आणि रात्री दिव्याच्या उजेडात वाचन, लेखन, अंकगणित. ह्या मंडळातून मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशन वाढली, पुढे टेक्निकल स्कूल झाले आणि १९७० मध्ये पॉलिटेक्निक. हे पॉलिटेक्निक म्हणजे आपल्याकडची पदविका देणारी संस्था नव्हे. तिथे पदवीपर्यंतचे शिक्षण मिळे. फक्त पदवीवर शिक्का एका राष्ट्रीय परिषदेचा असे. १९९२ च्या कायद्याने अशा संस्थांना स्वतःच्या नावाने पदवी देण्याचा आणि 'विद्यापीठ' म्हणवून घेण्याचा मार्ग मोकळा झाला.

काही विद्वानांनी तेव्हा नाके मुरडली. नुसती पाटी बदलून कोठे विद्यापीठ होते काय, असा त्यांचा सवाल. मला हा सवालच उफराटा वाटतो. विद्यापीठाचे मोठेपण त्याच्या भिंतींच्या वयावर मोजायचे, की त्याने कोणासाठी दार उघडले ह्यावर? मिरफील्डसारख्या जवळच्या गावातला, पंधराव्या वर्षी शाळा सोडलेला पॅट्रिक स्टुअर्ट पुढे थोर नट झाला आणि २००४ ते २०१५ ह्या काळात ह्याच विद्यापीठाचा कुलपती होता. कालव्याकाठच्या ज्या गिरण्यांत एके काळी मजूर राबत, त्यांतल्या काहींमध्ये पुढे विद्यार्थ्यांचे वर्ग भरू लागले. ह्याहून बोलकी परंपरा कोणती?

तरीही एक शंका मनाला टोचते. पाटी बदलली तेव्हा मोजपट्टीही बदलली. पॉलिटेक्निकला स्वतःची अशी एक प्रतिष्ठा होती. विद्यापीठ होताच जुन्या, श्रीमंत विद्यापीठांच्या रांगेत त्याला शेवटून उभे करण्यात आले. आणि दाराचे काय? १९९८ मध्ये इंग्लंडात वर्षाला हजार पौंडांपर्यंत शुल्क आले. २०१२ पासून त्याची मर्यादा नऊ हजारांवर गेली. कर्ज मिळते हे खरे, फेड मिळकतीनुसार होते हेही खरे; पण श्वानच्या नोकराने जे थकव्याच्या मोलाने घेतले, ते आजचा मुलगा कर्जाच्या मोलाने घेतो. थकवा झोपेने उतरतो. कर्ज उशाशी येऊन बसते.

मित्रहो, क्रमवारीच्या याद्या वाचून आपणही परस्परांच्या महाविद्यालयांची लायकी ठरवतो. त्या याद्यांत एक रकाना क्वचितच असतो: ज्याच्या घरात पूर्वी कोणी शिकले नव्हते, असे किती जण ह्या दारातून आत आले? तो रकाना ज्या दिवशी पहिला येईल, त्या दिवशी कदाचित नाके मुरडणाऱ्यांनाच रांगेत मागे उभे राहावे लागेल.