वेरूळ पाहिले, म्हणजे काय पाहिले?

गेल्या डिसेंबरात आमच्या वर्गाची ऐतिहासिक सहल छत्रपती संभाजीनगरला जाऊन आली. दोन दिवसांत बीबी का मकबरा, पाणचक्की, देवगिरीचा किल्ला, वेरूळची लेणी, घृष्णेश्वराचे दर्शन आणि उरलेल्या वेळात खरेदी, असा कार्यक्रम होता. वेळ उरला तो खरेदीलाच, हे आधी सांगून टाकते. सहलीचे पैसे माझ्या आईने कपाशीच्या वेचणीतून दिले होते. आमच्या घरातून लेणी पाहायला जाणारी मी पहिलीच.

रोहण्याहून निघून विरुळजवळ समृद्धी महामार्गावर चढलो. ‘विरुळहून वेरूळला’ असा विनोद बसमध्ये कोणीतरी केला आणि तो परत येईपर्यंत पुरला.

वेरूळला पोहोचलो तो रविवार, वेळ अकराची. कैलास लेण्याच्या दारातच आम्ही अडकलो. मागून लोटणारी माणसे, पुढे मोबाईलवर फोटो काढायला थांबलेली माणसे, आणि चार-पाच शाळांच्या सहलींच्या शिट्ट्या. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात, डोंगर वरून खाली कोरीत आणून हे अखंड मंदिर घडविले, असे पुस्तकात वाचले होते. मी पाहिली ती पुढच्या शाळकरी मुलीच्या वेणीची लाल रिबीन. रावण कैलास हलवतो ते शिल्प कोणत्या बाजूला, असे विचारेपर्यंत आमचीही शिट्टी झाली.

घरी आल्यावर वडिलांनी विचारले, “काय काय पाह्यलं मंग?” मी पाठ केलेले सांगितले. माझे वडील वीस वर्षे विहिरींच्या खोदकामावर जात होते. ते जरा थांबले आणि म्हणाले, “वरून खाली खंदलं म्हन्तं, मंग थो सारा गोटा कुठी टाकला?”

खोदण्यापेक्षा खोदलेले बाहेर काढणे कठीण, हे त्यांच्या खांद्यांना ठाऊक आहे. कैलासासाठी दीड-दोन लाख टन दगड काढला असावा, असा अंदाज अभ्यासक देतात. तो गेला कुठे, हा विचार तेथे उभी असताना माझ्या मनात आलासुद्धा नव्हता. गर्दीत येतो तो एकच विचार, पुढे सरकण्याचा.

परतीच्या प्रवासात एक जण म्हणाला की खेड्यातले लोक येतात म्हणून अशा ठिकाणी गर्दी होते. मग आम्ही कोण? पर्यटनाच्या पुस्तकांतून सल्ला असतो की सुट्टीचे दिवस टाळा, चार दिवस मुक्काम करा, निवांत पाहा. सल्ला बरोबर आहे, पण तो रजा मिळणाऱ्या माणसाचा आहे. माझ्या आईला रजा नसते. काम नसते तेव्हा तिला सुटी असते, आणि तेव्हा हातात पैसेही नसतात. पंढरपूरला, शेगावला आमची माणसे गर्दीतच जातात आणि तृप्त होऊन येतात. तेथे सोबतची माणसे हीच अर्धी यात्रा. तेव्हा गर्दीला नाक मुरडणाऱ्यांत मी नाही.

परंतु लेणे सावकाश पाहावे लागते. गर्दीने नुसती पाहणाऱ्याचीच हानी होते असेही नाही. अजिंठ्याच्या चित्रांना माणसांच्या श्वासातील दमटपणाचा त्रास होतो, म्हणून चित्रांच्या लेण्यांत एका वेळी मोजकीच माणसे सोडतात.

शिवाय महाविद्यालयाची सहल आपण ठरवू त्या दिवशी निघते. मग ती रविवारीच का? वेरूळ मंगळवारी बंद असते, अजिंठा सोमवारी. बुधवार-गुरुवार मोकळे असतात. लेणी सूर्योदयाला उघडतात आणि आम्ही मात्र पोहे खाऊन अकराला पोहोचतो. सगळे जण आधी कैलासात शिरतात, तर आपण दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करावी. आणि यादी कापावी! पाणचक्कीला आम्ही बारा मिनिटे होतो. दूरच्या डोंगरातून मातीच्या नळांनी पाणी कसे आणले, ते समजून घेण्याआधीच बसचा हॉर्न वाजला. मकबऱ्यामागच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत, अगदी जवळ. ती तर यादीतच नव्हती.

हे मी ऐकीव सांगत नाही. वेरूळला जेवणाच्या सुटीत मी आणि माझी मैत्रीण डबा अर्धा टाकून उत्तरेच्या टोकाकडील जैन लेण्यांकडे निघालो. ३० ते ३४ क्रमांकांची ही लेणी. इंद्रसभेच्या अंगणात दगडी हत्ती उभा आहे, वरच्या मजल्यावर छताला कोरलेले कमळ आहे. तेथे एक पहारेकरी आणि आम्ही दोघी, एवढीच माणसे. छोटा कैलास म्हणतात ते लेणे अपुरेच राहिले आहे. तेथे भिंतीवर छिन्नीच्या ओळी अजून स्पष्ट दिसतात. आमच्या विहिरीला लागतो तोच काळा पाषाण! परत यायला वीस मिनिटे उशीर झाला, सर्वांसमोर बोलणी खाल्ली. बस आमच्यासाठी थांबली होती, तेव्हा ती रास्तच होती.

वडिलांना खरे सांगण्यासारखे माझ्याजवळ होते ते त्या अर्ध्या तासातले. छिन्नीच्या खुणांचे ऐकून त्यांनी हातातला चहा खाली ठेवला. ओळी सरळ होत्या की तिरप्या? केवढ्या अंतरावर? मला नीट आठवेना.

फाल्गुनात वेचणी आटोपली की आईला आणि त्यांना घेऊन जायचे ठरविले आहे, बुधवारी, आदल्या रात्री मुक्कामाला पोहोचून. गोटा कुठे टाकला असेल ते वडील स्वतःच पाहतील.