एक मूत्रपिंड आणि खो-खोचे मैदान

सहावीतील एका विद्यार्थ्याच्या आईंनी गेल्या महिन्यात अर्ज आणून दिला. मुलाला जन्मापासून एकच मूत्रपिंड आहे, तरी खेळाच्या तासातून कायमची सूट मिळावी. (माझे शिक्षण हिंदी माध्यमातले. त्यांनी 'गुर्दा' म्हटल्यावर मला चटकन उमगले.) मी सही केली. संध्याकाळी पाहतो तर तोच मुलगा राजवाड्याच्या गर्दीतून हेल्मेटशिवाय सायकल दामटतो आहे!

ती सही मी घाईने केली. साधारण हजारात एका मुलाला जन्मतः एकच मूत्रपिंड असते. ते आकाराने वाढून दोघांचे काम सांभाळते. खालच्या बरगड्या आणि पाठीचे स्नायू त्याला आडोसा देतात. अमेरिकेतील शालेय खेळाडूंच्या दुखापतींचा एक अभ्यास 2012 साली प्रसिद्ध झाला. 23 हजारांवर दुखापतींत मूत्रपिंडाच्या अवघ्या 18 होत्या आणि शस्त्रक्रिया एकीलाही लागली नाही. डोके, मान व कण्याच्या दुखापती दोन हजारांवर होत्या, पण त्या भीतीने आपण कोणाला मैदानाबाहेर बसवत नाही. शिवाय खेळताना मुलांच्या मूत्रपिंडाला मार बसतो तो बहुधा सायकलवरून पडूनच. आम्ही मात्र खो-खो बंद केला आणि सायकल चालू ठेवली.

2003 साली पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत लांब उडीचे कांस्यपदक मिळवणाऱ्या अंजू बॉबी जॉर्ज यांनी आपल्याला एकच मूत्रपिंड असल्याचे 2020 मध्ये जाहीर सांगितले.

विश्वस्त मंडळापुढे माझी सूचना अशी की, यापुढे सूट-अर्जाऐवजी डॉक्टरांचे पत्र घ्यावे. कोणता खेळ चालेल, कोणता नाही, हे त्यात लिहिलेले असावे. असलेले मूत्रपिंड जागेवर नसेल, सुजलेले असेल वा त्यात दोष असेल तर गोष्ट वेगळी. कबड्डीसारख्या धक्काबुक्कीच्या खेळाचा निर्णयही डॉक्टरांनीच द्यावा. क्रीडाशिक्षकांना सर्व ठाऊक असावे, वर्गात गवगवा नको. कमरेत किंवा पोटात जोराचा मार बसला, लघवी लालसर झाली, तर घरी न पाठवता थेट दवाखाना गाठायचा. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी अशा मुलाला परस्पर देऊ नये. पालकांनी वर्षातून एकदा रक्तदाब व लघवीची तपासणी चुकवू नये. आणि हेल्मेट!

त्या आईंना मी सोमवारी पुन्हा बोलावले आहे. मुलगा तोवर दोनदा येऊन विचारून गेला, "सर, संघात माझे नाव घातले का?"