‘मुस्लिम’ आणि ‘इस्लामिक’ एकच नव्हेत

पुण्यात मुस्लिम को-ऑपरेटिव्ह बँक आहे. इतर सहकारी बँकांप्रमाणे ती ठेवींवर व्याज देते आणि कर्जावर व्याज घेते. तिला कुणी ‘इस्लामिक बँक’ म्हटले तर ते साफ चूक ठरेल, कारण इस्लामिक बँकेत व्याज निषिद्ध असते. बँकेबाबत जो फरक सहज कळतो, तो माणसांबाबत का कळू नये?

इंग्रजीत ‘मुस्लिम’ हा शब्द नामही आहे आणि विशेषणही. ‘इस्लामिक’ हे मात्र फक्त विशेषण. ‘तो मुस्लिम आहे’ असे म्हणतात. माणसाला ‘तो इस्लामिक आहे’ असे कुणी म्हणत नाही. मुस्लिम म्हणजे माणूस, त्याचा समाज, त्याचे जगणे. इस्लामिक म्हणजे धर्माच्या शिकवणुकीतले. अरबी व्याकरणही हेच सांगते: ‘इस्लाम’ हे क्रियेचे नाव आणि ‘मुस्लिम’ हा ती क्रिया करणारा कर्ता. कर्ता चुकू शकतो.

तरीही एखाद्या मुस्लिम तरुणाने गुन्हा केला की चर्चेत लगेच ‘इस्लामिक’ हा शब्द येतो. करणी एकाची आणि ती चढते धर्माच्या खात्यावर!

आता घरचा हिशेब. आपले काही धर्मपंडित हाच घोळ उलट बाजूने घालतात. चालत आलेल्या रूढीवर ‘इस्लामिक’ची मोहोर उठवली की प्रश्न विचारणारा आपोआप धर्मद्रोही ठरतो. एका दमात दिलेल्या तीन तलाकचे असेच झाले. त्याचे जुने नावच ‘तलाक-ए-बिद्दत’. बिद्दत म्हणजे धर्मात मागाहून घुसलेली गोष्ट. नावातच कबुली असताना ही प्रथा धर्माचा भाग म्हणून सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढवली गेली. २०१७ साली न्यायालयाने ती रद्द केली. तोवर किती बायकांचे संसार मोडले!

याउलट १९९० साली सोलापुरात भरलेल्या संमेलनाचे नाव पाहा: मुस्लिम मराठी साहित्य संमेलन. ‘इस्लामिक’ नव्हे. तिथे माणसांना आपले जगणे आपल्या मराठीत मांडायचे होते, फतवे काढायचे नव्हते.

तेव्हा ‘इस्लामिक’ म्हणणाऱ्याने, मग तो वार्ताहर असो की मौलवी, आधी धर्मातला आधार दाखवावा. दाखवता येत नसेल तर सरळ ‘मुस्लिम’ म्हणावे आणि जाब ज्याचा त्याला विचारावा.