परत आलेला वीर

साहित्यदर्पणकार विश्वनाथाने वीररसाचे चार भेद सांगितले आहेत : दानवीर, धर्मवीर, युद्धवीर आणि दयावीर. आमच्या विद्यार्थिदशेत ही यादी मुखोद्गत करावी लागे व प्रत्येक भेदाचे उदाहरणही ठरलेले असे. परशुराम, युधिष्ठिर, श्रीरामचंद्र, जीमूतवाहन. नावे मोठी आहेत, यात वाद नाही. परंतु रणातून परत येऊन, उरलेली चाकरी पुरी करून, पेन्शनीवर वृद्ध झालेला आणि अखेर इस्पितळातील खाटेवर देह ठेवणारा जो वीर, तो या चारही खणांत कोठे बसत नाही. कवीस तो सोयीचा नाही. समाजासही तो फारसा सोयीचा नसतो, असे माझे मत दिवसेंदिवस होत चालले आहे.

आमच्या कळंबात व भोवतालच्या खेड्यांत सैन्यातून परत आलेल्या प्रत्येक गृहस्थास ‘मेजर’ म्हणण्याची रीत आहे. तो शिपाई म्हणून परतलेला असो की हवालदार म्हणून, गावाच्या लेखी तो मेजरच. हा मान द्यावयास गावास काही वेचावे लागत नाही, आणि तो देऊन झाला म्हणजे आपले देणे फिटले अशी गावाची समजूत असते. आमच्या आळीत असेच एक मेजर होते. १९७१ च्या लढाईत ते होते, एवढेच सर्वांस ठाऊक. शाळेतील मुले त्यांस गाठून विचारीत, “मेजरआजोबा, किती शत्रू मारले?” त्यावर ते पाण्याच्या पखाली पुढच्या ठाण्यापर्यंत कशा पोहोचवीत, हेच सविस्तर सांगत. मुलांची निराशा होई. पुढे ते वारले तेव्हा स्मशानात दोन शब्द बोलावयास उभा राहिलेल्या गृहस्थास त्यांची पलटण कोणती हेही सांगता आले नाही. घरच्या मंडळींपैकी कोणी पुढे होऊन ते सांगितले.

या महिन्यात ज्यांची हकीगत वाचकांपुढे ठेवावयाची, ते मात्र खरोखरीच मेजर होऊन निवृत्त झाले. रामा राघोबा राणे हे त्यांचे नाव. कारवारजवळचे चेंडिया हे त्यांचे मूळ गाव. परमवीरचक्र हयातीत लाभलेले पहिले वीर म्हणून त्यांचा उल्लेख होतो.

या पदकाची घडण समजून घेतल्यावाचून ‘हयातीत’ या शब्दाचे वजन कळणार नाही. परमवीरचक्राची स्थापना २६ जानेवारी १९५० रोजी झाली, व ते १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या पराक्रमांस लागू करण्यात आले. त्याची आकृती सावित्रीबाई खानोलकर यांनी रेखाटली. या बाई जन्माने युरोपीय, विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याच्या पत्नी, आणि संस्कृत व पुराणे यांचा त्यांचा व्यासंग आपल्याकडील कित्येक पदवीधरांस लाजविणारा. मधे राजमुद्रा आणि भोवती इंद्राची चार वज्रे, अशी त्यांची योजना. वज्र म्हटले की दधीची आलेच. देवांच्या जयासाठी ज्या ऋषींनी देहत्याग करून आपल्या अस्थी दिल्या, त्यांच्या स्मृतीची ही मुद्रा आहे. १९४७-४८ च्या काश्मीर युद्धातील पराक्रमाबद्दल हे पदक पाच जणांस मिळाले. त्यांतील मेजर सोमनाथ शर्मा, नाईक जदुनाथसिंह व पिरूसिंह या तिघांनी दधीचींप्रमाणे देह दिला. राणे व करमसिंह हे दोघे मात्र अस्थी शाबूत ठेवून परत आले.

राणे यांचा जन्म २६ जून १९१८ चा. वडील पोलिसात शिपाई. त्यांच्या बदल्या वारंवार होत, त्यामुळे मुलाच्या शिक्षणाची आबाळ झाली. जो मुलगा दर वर्षी नवा दाखला घेऊन येतो त्याच्याविषयी शिक्षकवर्गाचे मत सहसा अनुकूल नसते, हे माझ्या व्यवसायबंधूंस सांगावयास नको. १९३० साली, बाराव्या वर्षी, हा मुलगा स्वातंत्र्याच्या चळवळीकडे ओढला गेला. सरकारी नोकरीतील बापास धास्ती वाटली व त्याने बिऱ्हाड चेंडियास हलविले. पुढे दहा वर्षांनी, १० जुलै १९४० रोजी, तोच मुलगा मुंबई इंजिनिअर्समध्ये, म्हणजे आपले वृद्ध लोक ज्यास ‘सफरमैना’ म्हणत त्या पलटणीत, दाखल झाला. चळवळीतला मुलगा इंग्रजांच्या फौजेत कसा गेला, असे विचारणारे विचारोत. घरी बसून असले प्रश्न विचारणे सोपे असते.

शिकाऊ तुकडीत उत्कृष्ट ठरल्याबद्दल त्यांस कमांडंटची छडी मिळाली. नंतर ब्रह्मदेश. आराकानातून आपली फौज मागे येत असता बुथिडांग येथील महत्त्वाचा सरंजाम जपान्यांच्या हाती पडू नये म्हणून तो नष्ट करण्याकरिता मागे ठेवलेल्या लोकांत ते होते. काम झाले, पण त्यांस उचलून नेण्याची जी योजना होती ती फसली. तेव्हा जपान्यांचा पहारा असलेली नदी आपल्या हिमतीवर ओलांडून ते व त्यांचे सोबती आपल्या डिव्हिजनला येऊन मिळाले. सुरक्षित परत येणे हा गुण त्यांच्या ठायी तेव्हापासूनचा दिसतो. १५ डिसेंबर १९४७ रोजी ते सेकंड लेफ्टनंट झाले.

आता एप्रिल १९४८. राजौरी शहर मागील नोव्हेंबरपासून हल्लेखोरांच्या ताब्यात होते, व तेथील नागरिकांच्या जिवाची शाश्वती उरली नव्हती. नौशेऱ्याहून राजौरीस रणगाडे न्यावयाचे, पण डोंगराच्या अंगाने नागमोडी गेलेला तो रस्ता सुरुंग पेरून, झाडे पाडून व मोऱ्या उडवून शत्रूने बंद केलेला. तो उघडून देण्याचे काम राण्यांच्या टोळीकडे आले.

८ तारखेस सकाळी ११ वाजता टोळी रणगाड्यांजवळ कामास निघण्याच्या बेतात असता उखळी तोफांचा मारा सुरू झाला. टोळीतील दोन ठार, पाच जखमी, आणि त्या पाचांत स्वतः राणे. त्यांनी उरलेल्यांची तेथल्या तेथे पुन्हा जुळणी केली. सायंकाळी साडेचारच्या सुमारास बरवालीची टेकडी सर झाली. शत्रू पुरता हटलेला नाही हे ठाऊक असूनही ते पुढे गेले व रणगाड्यांसाठी बगलेने वाट पाडू लागले. शत्रूच्या डोळ्यांदेखत, मशीनगनच्या माऱ्यात, रात्रीच्या १० वाजेपर्यंत हे काम चालले होते. ९ तारखेस पहाटे ६ पासून दुपारी ३ पर्यंत तेच. वाट तयार होताच सर्वांत पुढच्या चिलखती गाडीत बसून ते निघाले. अर्ध्या मैलावर चीडवृक्ष आडवे टाकलेले. उतरून ते सुरुंगाने उडविले. आणखी ३०० यार्डांवर पुन्हा तसेच. मग उडविलेली मोरी. तिच्या बाजूने वाट काढली. सव्वासहा वाजले, उजेड मंदावला, तेव्हा पाच मोठी झाडे, त्यांभोवती सुरुंग आणि वर मशीनगनची नजर, असा अडथळा समोर आला. तेथेही त्यांनी हात घातला होता, पण रणगाड्यांच्या अधिकाऱ्याने रात्रीपुरता तळ देवविला. १० तारखेस पहाटे पावणेपाचला पुन्हा आरंभ. साडेसहास तो अडथळा मोकळा. पुढील हजार यार्डांत अडथळ्यांची रांगच होती. ती साडेदहापर्यंत निकालात निघाली. रणगाडे तवी नदीच्या पात्रात उतरून दोन वाजता चिंगसला पोहोचले. बादशहा जहांगीर १६२७ साली काश्मिराहून परतताना वारला, तेव्हा त्याची आतडी जेथे पुरली असे परंपरा सांगते, तेच हे चिंगस.

येथे दुसरा कोणी थांबला असता तर त्यास कोणी नावे ठेवली नसती. रणगाडे तर पुढे गेले होते. परंतु मागून दाणागोटा व दारूगोळा येणार तो रस्त्यानेच, हे जाणून राणे अन्न व विश्रांती न घेता रात्री ९ पर्यंत खपत राहिले. ११ तारखेस सकाळी ६ ला पुन्हा काम, ११ वाजता चिंगसपर्यंत रस्ता खुला, आणि त्यापुढचा रस्ता साफ करीत रात्रीचे १०. १२ तारखेस फौज राजौरीस पोहोचली व तेथील पुष्कळ लोकांचे प्राण वाचले.

त्यांच्या गौरवपत्रातील या नोंदी मी पुनःपुन्हा वाचल्या. एखाद्या शाळेच्या वेळापत्रकाप्रमाणे त्यात तास व मिनिटे दिली आहेत. राण्यांनी अमुक इतके शत्रू मारले, असे एकही वाक्य त्यात नाही. सगळा पराक्रम झाडे, माती, मोऱ्या व सुरुंग यांच्याशी. रावणवधाचे यश रामाचे, हे योग्यच. पण मधे समुद्र होता, आणि तेथे विश्वकर्म्याचा पुत्र नल लागला. आपण युद्धकांडाचे पारायण करतो तेव्हा सेतूचा सर्ग भराभर उरकून लढाईकडे वळतो, ही आपली जुनी खोड आहे.

मोकळा रस्ता म्हणजे काय, हे निदान धाराशिव जिल्ह्यातील घरांनी तरी विसरू नये. ज्या एप्रिलात राणे सुरुंग काढीत होते त्या वेळी कळंब निजामाच्या राज्यात होते, व रझाकारांच्या भयाने कित्येक कुटुंबे सरहद्द ओलांडून बार्शी-सोलापूरकडे गेलेली होती. पाच महिन्यांनी, १३ सप्टेंबरला, भारतीय फौज सोलापूरकडून नळदुर्गावर आली, तेव्हा बोरी नदीवरचा पूल तिने वेगाने झडप घालून शाबूत हस्तगत केला. १७ तारखेस निजामाची शरणागती झाली. तो पूल उडविला गेला असता तर पलीकडच्या गावांवर आणखी किती रात्री जागून काढण्याची पाळी आली असती, याचा हिशेब ज्यांच्या आजी-आजोबांनी त्या रात्री काढल्या त्यांनी करावा.

राजौरी झाली तेव्हा राण्यांस तिसावे वर्षही पुरे झाले नव्हते. त्यानंतर ते ४६ वर्षे जगले. १९५५ साली विवाह झाला. संसार झाला. १९६८ साली ते मेजर म्हणून निवृत्त झाले, आणि त्यानंतरही १९७१ पर्यंत त्यांनी पुन्हा लष्कराचीच सेवा केली. युद्धवार्तापत्रांत पाच वेळा त्यांचा नामोल्लेख झाला होता. एवढा सन्मान झालेल्या माणसास बाकीचे आयुष्य मिरवून काढता येते, आणि तसे मिरविणारे आपण अन्य क्षेत्रांत पाहतो. राणे बदल्या, कवायती, कचेरीचे कागद यांत आणखी वीस वर्षे राहिले. माझ्या दृष्टीने हेही राजौरीच्या रस्त्याच्याच मापाचे आहे. रणगाडे पुढे निघून गेल्यावर मागे राहून रस्ता साफ करणाऱ्या माणसाची ती वृत्ती होती.

मृत वीरास आपण पुष्पचक्र वाहतो, त्याच्या मातेस शाल देतो, चौकास नाव देतो. ते सारे यथोचित आहे. जिवंत परतलेल्याशी कसे वागावे याची मात्र रीत आपल्या घरांत बसलेली नाही. त्याच्या पेन्शनीचा कागद अडला तर त्याच्याबरोबर कचेरीत कोण जातो? त्याच्याकडून मुलांनी काय विचारून घ्यावे, हे कोण शिकवतो? ‘किती मारले’ या प्रश्नाऐवजी ‘रस्ता कसा केलात, पाणी कसे आणलेत’ असे विचारावयास घरातील वडिलांनीच मुलांस लावले पाहिजे. त्यांत गणित येईल, भूगोल येईल, आणि समोरच्या वृद्धास बोलावेसेही वाटेल.

शिपिंग कॉर्पोरेशनने आपल्या तेलवाहू जहाजांस परमवीरांची नावे दिली, तेव्हा १९८४ साली एका जहाजास राण्यांचे नाव मिळाले. आपल्या नावाचे जहाज समुद्रावर फिरत आहे आणि आपण स्वतः जमिनीवर हयात आहो, असा योग किती जणांस आला असेल! ११ जुलै १९९४ रोजी पुण्याच्या लष्करी इस्पितळात, वयाच्या ७७ व्या वर्षात, त्यांचे देहावसान झाले. पलटणीत नाव नोंदविल्याच्या दिवसापासून मोजता ५४ वर्षे व एक दिवस भरतो. जहाज पुढे काही वर्षे चालून मोडीत निघाले. २३ जानेवारी २०२३ रोजी अंदमान-निकोबारातील २१ बेटांस परमवीरांची नावे देण्यात आली, त्यांत एक बेट राण्यांचे आहे. कारवारच्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांचा पुतळा आहे. गोव्याकडे किंवा गोकर्णास जाणारी आपली मंडळी त्याच्याजवळूनच जातात. मुलांस घेऊन घटकाभर तेथे उतरावे, आणि तेथून थोड्याच अंतरावर चेंडिया आहे, तेही त्यांस दाखवावे.