खंजेरीचे वतन

गाव आणि गाणे : साप्ताहिक स्तंभ

सातपुड्याच्या कडा काळवंडू लागल्या म्हणजे तेल्हाऱ्याच्या आसपासच्या गावांतून माणसे सामुदायिक प्रार्थनेसाठी रांगेने बसतात. प्रार्थनेनंतर खंजेरीवर पहिली थाप पडते, आणि त्या हातभर वाद्यामागे केवढा इतिहास उभा आहे याचे मला दरवेळी स्मरण होते.

जुन्या गावगाड्यात वाद्येही जातवार वाटलेली होती. मांडवापुढे डफडे वाजविणारा हा जणू त्या कामाचा वतनदार. त्याच्यावाचून वरात निघत नसे, परंतु पंगत बसली म्हणजे त्याचे पान दूर मांडले जाई, आणि चामड्याचा विटाळ मानणारेच त्या चामड्याच्या नादावर आपले मंगलकार्य साजरे करीत.

अमरावती जिल्ह्यातील यावली येथे १९०९ साली जन्मलेल्या तुकडोजी महाराजांनी कातड्याने मढविलेली खंजेरी भर सभेत स्वतःच्या हाती धरली, तेव्हा हे वतन आपोआप खालसा झाले. १९३५ साली मोझरीस गुरुकुंज आश्रम स्थापन झाला, पुढे गुरुदेव सेवा मंडळे गावोगाव पसरली; आणि त्यांच्या भजनांचे सामर्थ्य सरकारासही इतके जाणवले की १९४२ च्या आंदोलनात महाराजांना कारावास भोगावा लागला. त्यांच्याही आधीचे गाडगेबाबा, परिटाच्या घरी जन्मलेले आणि मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे मामाच्या घरी वाढलेले, श्रोत्यांना प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर वदवीत, त्यामुळे कीर्तन ऐकणारा प्रत्येक जण त्या कीर्तनाचा भागीदार होई.

सहगानाचे मर्म याच भागीदारीत आहे. शेजाऱ्याचा स्वर ऐकल्यावाचून आपला स्वर लावता येत नाही, आणि ध्रुवपद उचलताना श्रीमंताला निराळी लय मागता येत नाही; जी समता उपदेशाने पटत नाही तिची सवय कंठाला अशी नकळत जडते.

तथापि एक शल्य माझ्या मनात आहे. खंजेरी मुक्त झाली, अग्रस्थान मात्र अद्याप काही घराण्यांच्याच दप्तरी नोंदलेले दिसते. तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेत स्त्रियांच्या उन्नतीसाठी स्वतंत्र अध्याय असूनही कित्येक ठिकाणी भगिनींनी केवळ मागून साथ करावी अशी अपेक्षा असते. मेळघाटातून उठून या मुलखात वसलेल्या कोरकू कुटुंबांची गाणी तर सप्ताहाच्या कार्यक्रमात क्वचितच ऐकू येतात, आणि अंध मनुष्याला हाताला धरून आणणारे पुष्कळ असले, तरी पेटी त्याच्यापुढे सरकविणारे थोडे.

म्हणून प्रत्येक गावाने ग्रामसभेत ठराव करून आठवड्यातील एक संध्याकाळ अशा मागे राहिलेल्यांच्या स्वाधीन करावी: पद त्यांनी निवडावे, भाषा त्यांची असावी, गावाने मागून म्हणावे. ज्या दिवशी डफडेवाल्याचा नातू पहिले पद उचलील, गावचा पाटील त्याच्यामागे ध्रुवपद धरील, आणि भजन आटोपल्यावर दोघांची पाने एकाच पंगतीत शेजारी पडतील, त्या दिवशी मोझरीच्या त्या खंजेरीचे ऋण आपण फेडू लागलो असे मी म्हणेन.

— एक वऱ्हाडकर