डबा बाहेर ठेवा म्हणे!

मुलांच्या हट्टापायी मे महिन्यात आम्ही आठ जण बेळगावहून रात्रभर प्रवास करून एका पार्कला गेलो. दारातच पिशवी उघडायला लावली. दशम्या, शेंगाचटणी, गाळलेलं पाणी. "बाहेरचं आत चालत नाही." अहो, बाहेरचं तर तुमचं, हे घरचं आहे!

आमचे हे म्हणाले, "जाऊ दे, तमाशा नको." डबा दारातच राहिला. आत कांदा-बटाटा नसलेला पदार्थ शोधून मिळेना. सासूबाई सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. दोन केळ्यांवर दिवस काढला त्यांनी.

२०२३ साली सुप्रीम कोर्टाने सिनेमागृहांना बाहेरचं खाणं अडवायची मुभा दिली, ठाऊक आहे मला. पण प्यायचं पाणी फुकट द्या, तान्ह्याचं अन्न अडवू नका, हेही तिथंच आलं. शिवाय सिनेमा तीन तासांत सुटतो. इथं सकाळी दहाला आत गेलेलं माणूस संध्याकाळीच बाहेर पडतं.

गर्दीचं तर विचारू नका. एका पाळण्याला दीड तास रांग, आणि जादा पैसेवाले शेजारच्या दारातून पुढं. पोरगा विचारतो, "आई, ते का आधी?" काय सांगू? गर्दी यांनीच जमवायची, ती चुकवायचे पैसेही यांनीच घ्यायचे!

मी पाळण्यात बसलेच नाही. चपला, ओले कपडे, पाकिटं सांभाळत बाकावर. तिकीट मात्र पूर्ण.

पुढच्या सुट्टीत जाणार असाल तर आधी फोन करून विचारा, व्रताचा डबा सोडता का? नाही म्हणाले तर लेखी मागा. चार-पाच घरांनी मिळून विचारू या. आठ तिकिटांना न उघडलेलं दार चाळीस तिकिटांना उघडतं का, बघूच.