दरफाळणीचा सण

इ. स. २०२५ सालीं २ ऑक्टोबरास आपल्या घरोघरीं दसऱ्याचीं तोरणें लागलीं होतीं, त्याच दिवशीं मराठी बोलणाऱ्या यहुदी कुटुंबांत निर्जळ उपवास चालला होता. हिब्रू भाषेंत या प्रायश्चित्ताच्या दिवसास ‘योम किप्पूर’ म्हणतात. कोंकणांतील बेने इस्रायल मंडळींनीं त्यास आपल्या बोलींत नांव दिलें, दरफाळणीचा सण. म्हणजे दारें लावून घेण्याचा सण.

सोलापूरकडील वाचकांस ही मंडळी फारशी परिचित नसावी. अलिबागेजवळ नवगांव येथें गलबत फुटून सात जोडपीं वांचलीं, त्यांचा हा वंश, अशी त्यांची परंपरा आहे. धंदा तेल गाळण्याचा व शनिवारीं घाणा बंद, म्हणून लोक त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत. हिब्रू विद्या लोपली, तरी हा उपवास टिकला. मुंबईंत त्यांचें पहिलें प्रार्थनामंदिर १७९६ सालीं झालें. तत्पूर्वीं घर हेंच मंदिर. शुभ्र वस्त्रें नेसून, दारें लावून, परक्याचा स्पर्श टाळून ते दिवस काढीत. आपलें सोवळें तरी याहून निराळें काय? दुसऱ्या दिवशीं ‘शिळा सण’. त्या दिवशीं दानधर्म व आप्तेष्टांच्या भेटी.

सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवशीं तारे दिसेपर्यंत अन्न नाहीं, पाणी नाहीं, पायांत चामड्याचा जोडा नाहीं. (आपली एकादशी आणि दुप्पट खाशी!) परंतु मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो त्यांच्या ‘मिश्ना’ ग्रंथांतील निर्णय. देवाचा अपराध या दिवसानें फिटतो. माणसाचा अपराध मात्र त्या माणसाचें समाधान केल्यावांचून फिटत नाहीं.

हें आपणांस अगदींच नवें नाहीं. वडीलधाऱ्यास ‘तूं’ म्हटल्यास स्नान करून उरलेला दिवस उपाशी राहावें व नमस्कार करून त्यांस प्रसन्न करावें, असें मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायांत सांगितलें आहे. येथेंही उपवास आहे आणि समाधानही आहे. पण हा नमस्कार खालून वर जाणारा. सासूनें सुनेस चार माणसांत टाकून बोललें, थोरल्यानें धाकट्याचा हिस्सा दाबला, तर क्षमा कोणी मागावी? एकत्र कुटुंबांतील बहुतेक सल याच जागीं असतात, आणि वय पुढें करून आपण तेथें गप्प बसतों. मिश्नाच्या निर्णयांत वयाची सवलत नाहीं. आपल्या गांवचे जैन बंधूही पर्युषणानंतर लहानथोर न पाहतां एकमेकांची क्षमा मागतात.

१९४८ नंतर बेने इस्रायलांपैकीं बहुतेक कुटुंबें इस्रायलांत गेलीं. थोडीं मुंबई, ठाणें, पुणें व रायगडाकडे आहेत. उपवासाच्या अखेरीस मेंढ्याच्या शिंगाचें रणशिंग फुंकतात. त्याआधींच्या शेवटल्या प्रार्थनेचें हिब्रू नांव ‘नेइला’. त्याचाही अर्थ दार लावणें असाच आहे.